ठोका सरळ हवा

‘‘काऊन वं बाई, तुमच्या पिशवीची कडी निघून राहिली नं!’’ भर मंडईत एका बाईनं पिशवी माझ्यासमोर धरली आणि माझा चेहरा खाडकन उतरला.

दिवाळीनंतर आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. हलका धान निघालेला असतो, लेकी-जावई आलेले असतात, रात्री नाटक असतं. अशाच एका मंडईत आमच्या बचत गटानं कापडी पिशव्यांचं दुकान मांडलं होतं. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून हे काम आम्ही धरलेलं. यंदा जरा फॅशन म्हणून शिवलेल्या बंदाऐवजी दोरीचे बंद लावले आणि दोरी ओवायला चार-चार आयलेट, म्हणजे आपल्या भाषेत कड्या ठोकल्या. दिसायला झ्याक! पण संध्याकाळपर्यंत अकरा पिशव्या परत आल्या. शिवण एकीचीही उसवली नव्हती. कडीच सुटली होती आणि कड्या लावल्या होत्या मी. दहा जणींची मेहनत माझ्या हातून वाया गेली, या विचारानं त्या रात्री नाटकात लक्षच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या चपला दुरुस्त करणाऱ्या दादांकडे पिशवी घेऊन गेले. त्यांनी एकदाच बघितलं आणि हसून म्हणाले, ‘‘ताई, भोक मोठं झालं. कडीनं कापड धरावं कुठं?’’

मी कात्रीनं भोकं पाडली होती. तिथंच चुकलं होतं. दादांनी तासभर बसवून जे शिकवलं, ते तुम्हालाही सांगते.

भोक नेहमी पंचनं पाडायचं आणि ते कडीच्या नळीपेक्षा किंचित लहान ठेवायचं. कडी जरा जोर लावून आत गेली पाहिजे. पंच ठोकताना खाली लाकडाचा ठोकळा हवा. फरशीवर किंवा लोखंडावर ठोकलं की पंचची धार गेलीच समजा. कापड पातळ असेल, तर आतून जाड कापडाची पट्टी दुमडून लावायची. कडी सुलट बाजूनं घालायची, मागून वायसर बसवायचा. वायसरच्या वर नळी साधारण दोन मिलिमीटर दिसली पाहिजे. कमी असेल तर ती वळतच नाही, जास्त असेल तर वेडीवाकडी दुमडते.

मग खाली बैठक, वर ठोकणी आणि हातोडीचे दोन-तीन बेताचे ठोके. मी एकच दणका घालत होते! त्यानं नळी फाटते, तिच्या पाकळ्या होतात आणि त्या पाकळ्याच हळूहळू कापड कापतात. शेवटी कडी नखानं फिरवून बघायची. फिरली तर सैल आहे. पातळ कापडाला आणि बारीक कडीला हातातली आयलेटची पक्कड पुरते, जाड कापडाला मात्र हातोडीच बरी.

पूर्वी आपल्या आयाबाया भोकाभोवती दोरा भरून काज करायच्या. काम तेच, कापडाची कड विरू द्यायची नाही. दोऱ्याचं काम आता धातू करतो, इतकंच.

या शिकवणीचा खरा उपयोग झाला तो आठच दिवसांनी. आमगाव तालुक्यातल्या जाऊबाईंचा फोन आला, ‘‘अवं, तुझं ते ठोकायचं सामान घेऊन ये!’’ भारी धानाचे पुंजणे बांधीत उभे, आभाळ गच्च भरलेलं आणि ताडपत्रीच्या दोन कोपऱ्यांच्या कड्या फाटून गेलेल्या. कोपरा बांधला नाही, तर वारा ताडपत्री उडवणार. भिजलेल्या धानाला पुंजण्यातच कोंब फुटतात, मग वर्षाचं पीक मातीमोल. दोघींनी कंदिलासारखा मोबाइल धरून कोपरे दुमडले, मध्ये जुन्या ताडपत्रीचा तुकडा घातला आणि मोठ्या पितळी कड्या ठोकल्या. लोखंडी कडी पावसात गंजते, म्हणून पितळी. रात्री पाऊस आलाच. सकाळी पुंजण्याच्या कडा ओल्या होत्या, पण आतला धान कोरडा! जाऊबाई काही बोलल्या नाहीत. नुसता चहाचा कप माझ्या हातात दिला.

परत आलेल्या अकरा पिशव्याही मी दुरुस्त केल्या. जुन्या कड्या पकडीनं काढल्या, फाटलेल्या भोकांवर दुहेरी पट्टी शिवली आणि नव्यानं कड्या बसवल्या. दोन दिवस गेले, त्याची मजुरी गटाकडून घेतली नाही.

आता दर दहा पिशव्यांमागे एक पिशवी मी बाजूला काढते. तिच्यात पाच किलो तांदूळ भरते आणि रात्रभर खुंटीला टांगून ठेवते. सकाळी चारही कड्या जागच्या जागी असतील, तरच बाकीच्या नऊ विकायला जातात.