वर्ध्याच्या टेकड्या : थंडीतली पायपीट आणि जलरंग

प्रदेश : वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याचे फाटे उतरतात. वर्धा शहराजवळच्या सावंगी (मेघे)हून ते एका दिवसात पाहून येता येतात. खडक बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक साचलेल्या थरांमुळे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

उजेड : डिसेंबरअखेर इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो. तुलनेसाठी, स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस (१,३४५ मीटर) शिखराजवळ तो सुमारे १० अंशांवरच राहतो. सूर्य खाली असला की सावल्या लांबतात आणि डोंगराची घडण उठून दिसते. म्हणून चित्राला सकाळ-संध्याकाळ उत्तम.

रंगकाम : स्कॉटलंडच्या दमट गारठ्यात रंग लवकर वाळत नाही, प्रसंगी गोठतो; विदर्भाच्या कोरड्या हवेत तो भराभर वाळतो. त्यामुळे कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करतात. फळी किंचित तिरकी धरून आकाश वरून खाली रंगवतात; कडेला साचलेला रंगाचा थेंब ब्रशने पुढे ओढत नेला की डाग पडत नाहीत. दूरची रांग फिकट निळी, मधली करडी, जवळचे साग आणि वाळलेले गवत तपकिरी-पिवळे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून बेसॉल्टचा करडा साधतो.

दक्षता : याच भागातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात पायी फिरू नये. इतरत्रही अंधारापूर्वी उतरावे आणि रंगाचे पाणी ओढ्यात ओतू नये.