मुलींनी नानकटाई विकायची, पण कशी?

दिवाळी जवळ आली की आपण मैदा, रवा, साखर, डालडा पिशवीत भरून बेकरीत जातो, नंबर लावून बसतो आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणतो. हे काही मी तुम्हाला शिकवायला नको. आज बोलायचंय ते हीच नानकटाई विकून पैसे उभे करणाऱ्या मुलींबद्दल. आता बऱ्याच गावांत किशोरी गट झालेत. त्यांना कधी पुस्तकांच्या कपाटासाठी, कधी खेळाच्या सामानासाठी पैसे लागतात. मग त्या आपल्याकडे, म्हणजे बचत गटाच्या बायकांकडे येतात आणि विचारतात, "ताई, आम्ही काही विकू का?" आपल्याला कौतुक वाटतं. आपण लगेच हो म्हणतो. मीही म्हटलं होतं. माझं कुठं चुकलं ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या किशोरी गटाच्या बारा मुलींना कबड्डीचे बूट हवे होते. सातवी ते दहावीतल्या पोरी. तालुक्याच्या सामन्यात अनवाणी खेळल्या, दोघींचे पाय सोलून निघाले. बेकरीवाला ओळखीचा होता, तो गौरी-गणपतीच्या आधी दहा किलो पिठाची नानकटाई भाजून द्यायला तयार झाला. पाव किलोची ८६ पाकिटं भरली. दोन चवीला फोडली, उरली ८४. बारा मुली, प्रत्येकी सात. भागाकार इतका नेमका बसला की मला वाटलं, झालंच काम.

एकीच्या वडिलांची दूध डेअरी आहे. तिची सातही पाकिटं सकाळी दूध घालायला आलेल्या लोकांनीच नेली. दुसरीची आई लोकांच्या रानात खुरपायला जाते. ती पोर दोन दिवस वस्त्यांवर फिरली, दोन पाकिटं खपली. उरलेली पाच आईनं घेतली. पन्नासचं एक, म्हणजे अडीचशे रुपये, तिची एका दिवसाची हजेरी. लेक गटात खाली पडू नये म्हणून. मला ते महिनाभरानं कळलं, तेही दुसऱ्या बाईकडून.

त्याहून मोठी चूक पाकिटावरच्या कागदाची. ‘ऑर्डरसाठी संपर्क’ असं लिहून खाली मी नववीतल्या एका मुलीच्या घरचा मोबाईल नंबर छापला. तिचा हिशेब पक्का, बोलणं स्वच्छ, म्हणून. आठवड्याच्या आत रात्री-बेरात्री फोन यायला लागले. "नानकटाईवाली आहे का?" आधी आईनं उचलले, मग वडिलांनी. तिसऱ्या दिवशी तिचं गटात येणं बंद, कबड्डी बंद. दहावीला घालायचं का नाही ते बघू, असं घरात बोलणं सुरू झालं. मुलीनं काहीच केलं नव्हतं. केलं होतं ते मी.

मी तिच्या घरी तीनदा गेले. पहिल्यांदा वडील बोललेच नाहीत. दुसऱ्यांदा चहा दिला आणि म्हणाले, "ताई, तुमचा नंबर का नाही छापला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे मला माझ्या फोनवर कटकट नको होती.

तिसऱ्यांदा जायच्या आधी मी हायस्कूलच्या गाईड कॅप्टन बाईंना भेटले. शाळेत स्काऊट-गाईडची ‘खरी कमाई’ असते ना, मुलं भेळ-भजी करून विकतात आणि कष्टाचा पैसा हातात घेतात, ती त्या वर्षानुवर्षं घेतात. पुण्यात गाईडच्या मुलींचं ‘संगम’ नावाचं जागतिक केंद्र आहे, १९६६ पासूनचं. बाईंना तिकडची बरीच माहिती. त्यांनी मला अमेरिकेतल्या मुलींची गोष्ट सांगितली.

तिथं गाईडसारखीच ‘गर्ल स्काऊट’ नावाची संघटना आहे. १९१७ साली ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी या गावी मुलींच्या एका पथकानं बिस्किटं भाजली आणि शाळेच्या खानावळीत विकली. १९२२ साली संघटनेच्या मासिकात बिस्किटांची कृती छापून आली, खर्च किती आणि डझनाचा भाव किती ठेवावा हेही त्यात होतं. त्या काळी मुली घरच्या चुलीवर, आईला हाताशी घेऊन साधी साखरेची बिस्किटं करायच्या, मेणकागदाच्या पिशवीत भरायच्या आणि दारोदार विकायच्या. म्हणजे आपल्यासारखंच. पुढं खप वाढला तसं भाजण्याचं काम कारखान्यांकडे गेलं, मुलींकडे विक्री राहिली. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा, लोणी मिळेना, तेव्हा काही ठिकाणी त्यांनी बिस्किटांऐवजी कॅलेंडरं विकली. हे मला फार आवडलं. वस्तू नाही मिळाली तर वस्तू बदलायची, पोरींचं काम थांबवायचं नाही.

पण मी वही काढून लिहून घेतलं ते त्यांचे नियम. विक्रीत भाग घ्यायचा की नाही हे मुलीनं आणि घरच्यांनी ठरवायचं, आणि पालकांची लेखी परवानगी लागते. लहान मुलींबरोबर मोठं माणूस पाहिजेच. मोठ्या मुलींनीही एकटीनं जायचं नाही, जोडीनंच जायचं. गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही. जवळ जास्त रोकड ठेवायची नाही. मुलीचं आडनाव, पत्ता, फोन परक्याला द्यायचा नाही. शंभर वर्षं विकणाऱ्यांनी हे ठरवलंय. आणि मी एका कागदावर नंबर छापून मोकळी झाले होते!

चूक त्यांचीही होते. २०२१ साली, करोनाच्या काळात, दुकानांसमोर टेबल मांडून विकणं अवघड झालं. त्यांनी ऑनलाइन विक्री केली, गाडीतून न उतरता डबे घेता येतील अशी सोय केली. तरीही हंगाम संपताना जवळजवळ दीड कोटी डबे पडून होते. साथीचं कारण होतंच, पण किती खपेल याचा अंदाजही जास्त धरला गेला होता. आपला प्रश्न तोच आहे, फक्त आपल्याकडे ते पाच डबे खुरपणाऱ्या बाईच्या घरात येऊन पडतात.

तिसऱ्या भेटीत मी त्या वडिलांना चूक माझी आहे हे सांगितलं, शेजारची चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर. दुकानांत उरलेली पाकिटं हुडकून कागद फाडले. गटाच्या नावानं वेगळं सिमकार्ड घेतलं. ते माझ्याकडे असतं आणि संध्याकाळी सातला बंद होतं. तेवढ्यानं ते लगेच राजी झाले असं नाही. शाळेचं बोलणं थांबलं, एवढंच त्या दिवशी झालं.

दिवाळीला पुन्हा नानकटाई करायची ठरली, तेव्हा सगळी पद्धत बदलली. आधी ऑर्डर, मग पीठ. आठ दिवस फक्त नावं लिहून घेतली आणि तेवढंच भाजलं. कुणाला किती विकायची याचा आकडा ठेवला नाही. उरलेलं पाकीट गट परत घेईल, मुलीच्या घरी एकही राहणार नाही, हे आधीच सांगितलं. आणि बूट बाराही जणींना मिळतील, जिनं विकलं नाही तिलाही. यावर आमच्या गटातल्या दोघी जणी नाराज झाल्या. "मग कोण पळापळ करेल?" म्हणाल्या. केली की पोरींनी. मुलींना आपण वाटतो तेवढ्या हिशेबी समजू नये.

प्रत्येकीला जमेल ते काम दिलं. एकीचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही जावं लागतं. तिनं जायच्या आधी सगळ्या पिशव्यांना कागद चिकटवून ठेवले. दहावीतल्या दोघी फक्त रविवारी आल्या. एकीच्या घरी दारोदार फिरणं पसंत नव्हतं, ती वजनकाट्यावर बसली. फिरणाऱ्या मुली जोडीनं गेल्या आणि मागं गटातली एक बाई. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच. आठवडी बाजार आम्ही टाळला, तिथं संध्याकाळी कोण कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्यापेक्षा सकाळी डेअरीसमोर, ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीच्या ओट्यावर आणि पालकसभेच्या दिवशी शाळेत टेबल मांडलं. कुणी वेडंवाकडं बोललं तर पाकिटं तिथंच ठेवून निघून यायचं, नुकसानीचं कुणी विचारणार नाही, हे मुलींना दोनदा बजावलं. लहान मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर प्रत्येकीला पाठ करायला लावला.

आता खाण्याच्या वस्तूचं. मुलींच्या हातचं म्हणून लोक घेतात, पण एखाद्याचं पोट बिघडलं तर नाव मुलींचंच होतं. अन्न सुरक्षेचा २००६ चा कायदा नफ्यासाठी विकणाऱ्याला आहे तसा बिननफ्याच्या कामालाही आहे. म्हणून नोंदणी असलेल्या बेकरीतूनच भाजून घ्या. बेकरीवाल्याकडे चौदा आकडी नंबर असतो, तो बघा. आपल्या गटाच्या नावानं पाकीट विकायचं तर गटाचीही नोंदणी करून घ्या. भट्टीजवळ मुलींना आम्ही जाऊ देत नाही, ते काम बायकांचं. नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरायची नाही. आमची पहिली वीस पाकिटं घाईनं कोमट भरली होती, आतून पिशवीला दव आलं आणि खुसखुशीतपणा गेला. वर्तमानपत्रात तर बांधूच नका, शाई पदार्थाला लागते. पाकिटावर काय काय घातलंय, वजन, भाव, कधी केली, कधीपर्यंत खायची आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह एवढं हवं. शेंगदाणा किंवा काजू घातला असेल तर ठळक लिहा, काहींच्या अंगावर उठतं. डालड्याची असेल तर डालडा लिहा. साजूक तूप म्हणून विकलेली नानकटाई पहिल्या घासालाच कळते.

सर्दी, ताप, जुलाब असलेल्या मुलीनं त्या दिवशी भरायला बसायचं नाही, वही लिहायची. पाळी आली म्हणून मात्र आम्ही कुणाला उठवत नाही. हात साबणानं धुतलेले, नखं कापलेली, केस बांधलेले, एवढं बघतो. या एका गोष्टीवर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, ती पुन्हा कधीतरी सांगेन.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या खेपेला मैदा, रवा, डालडा, साखर, वेलची, बेकरीची भाजणावळ, पिशव्या, कागद आणि एसटीचं भाडं मिळून २,८३० रुपये खर्च झाला. विक्री ४,२००, हातात उरले १,३७०. एसटीचं भाडं धरायला विसरू नका, आपण नेहमी विसरतो. दिवाळीला दुप्पट पीठ होतं, तेव्हा ३,०२० उरले. रोकड रोज संध्याकाळी गटाच्या बाईकडे आणि दुसऱ्या दिवशी खात्यावर. मोबाईलनं पैसे देणाऱ्यांसाठी गटाच्या खात्याचा कोड छापून टेबलावर ठेवला. मुलीच्या किंवा तिच्या भावाच्या फोनवर पैसे घ्यायचे नाहीत, पैशाबरोबर नंबरही जातो. बूट घाऊक भावात ३६० रुपये जोडी पडले. बारा जोड्यांचे ४,३२० झाले, ७० रुपये उरले. आणि त्या आईचे अडीचशे आम्ही परत केले, मुलींच्या पैशातून नव्हे, माझ्या.

ती नववीतली मुलगी दिवाळीच्या खेपेला विकायला आली नाही. पण वडिलांनी तिला आमच्या गटाच्या बैठकीला पाठवलं, आईबरोबर, हिशेबाची वही लिहायला. आता ती दहावी झाली आहे. पाकिटावरचा कागद यंदा तिनंच लिहिलाय. खाली फोन नंबर नाही. ‘ऑर्डर द्यायची असल्यास: महिला बचत गट, ग्रामपंचायतीशेजारी, सकाळी दहा ते बारा’ एवढंच आहे. बेकरीवाल्यानं आम्हाला वसुबारसेच्या आधीचा आठवडा दिलाय, तेव्हा ज्यांना नानकटाई हवी त्यांनी त्याच्या आधी येऊन नाव लिहावं. वहीवर तीच बसलेली असेल.