जेवताना पाणी प्यायल्यानं जठराग्नी विझत नाही

‘जेवताना पाणी पिऊ नये, जठराग्नी विझतो.’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांत आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्यावर शंका काढणं म्हणजे मोठ्यांचा शब्द मोडणं वाटतं. अलीकडे त्याला मिनिटांचा हिशेबही चिकटला आहे: जेवणाआधी ४० मिनिटं पाणी नको, जेवणानंतर दीड तास नको. व्हॉट्सॲपवरचा मजकूर त्यापुढे जाऊन भीती घालतो. पाण्यानं पोटातलं आम्ल पातळ होतं म्हणे, मग अन्न पचायच्या ऐवजी सडतं, त्याचं विष होतं आणि त्या विषातून गुडघेदुखीपासून हृदयविकारापर्यंत सगळे आजार होतात. शेवटी आयुर्वेदाचार्य वाग्भटाचं नाव असतंच. शिकलेली, एरवी प्रत्येक गोष्टीची पावती मागणारी माणसंही हा मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतात, तेव्हा खरोखर चीड येते. कारण यातली साखळी पहिल्या कडीपासूनच तुटकी आहे.

या समजुतीच्या मुळाशी चूल आहे. चुलीत जाळ, वर अन्न, पाणी ओतलं की जाळ गेला. पण पोटात जाळ नाही. जठर ही स्नायूंची पिशवी आहे आणि तिच्या अस्तरातून दिवसाकाठी दोन लिटरच्या आसपास रस पाझरतो. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, प्रथिनं तोडणारं पेप्सिन असतं आणि बाकी जवळजवळ सगळं पाणीच असतं. हे माणसाच्या उघड्या पोटात डोळ्यांनी पाहिलं गेलं, त्याला दोनशे वर्षं झाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारं छिद्र कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळानं ओढून पाहिले. मग त्यानं जठररस बाहेर बाटलीत काढला, शरीराइतक्या उबेत ठेवला आणि त्यात मांस टाकलं. तिथेही ते विरघळत गेलं. १८३३ साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हापासून पचन ही द्रवात चालणारी रासायनिक क्रिया आहे याबद्दल वाद उरलेला नाही.

या क्रियेत पाणी नुसतं माध्यम म्हणूनही नसतं. भातातल्या पिष्टाची लांब साखळी, डाळीतलं प्रथिन, फोडणीतलं तेल, यांतला कुठलाही बंध एन्झाइमनं तोडला की तिथे पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. पाण्यावाचून पोळीचा एक घाससुद्धा पचणार नाही.

आता ‘पातळ होण्या’कडे येऊ, कारण सगळ्यात शास्त्रीय वाटणारा मुद्दा हाच. उपाशीपोटी जठरातलं पीएच साधारण १ ते २ असतं, म्हणजे चांगलंच आम्ल. जेवण पोटात उतरलं की ते ४-५ किंवा त्याच्याही वर जातं आणि पुढच्या तासा-दोन तासांत पुन्हा खाली येतं. पाणी न पिताही हे होतं. डाळ, दूध, अंडी, मांस यांतली प्रथिनं आम्ल शोषून घेतात. आम्ल सौम्य होणं हाच गुन्हा मानायचा, तर पहिला आरोप अन्नावर ठेवावा लागेल. पाण्याचं काय होतं, हे २००८ साली ग्रीक संशोधकांनी निरोगी लोकांवर मोजलं. उपाशीपोटी २०० मिलिलिटर पाणी दिल्यावर मिनिटभरात बहुतेकांच्या जठरातलं पीएच ४ च्या वर गेलं. तिथे ते जेमतेम तीन मिनिटं टिकलं. जठराच्या अस्तरातल्या पेशींना आम्लाची पातळी कळते. ती घटली की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि आणखी आम्ल सुटतं. पोट ताणलं गेल्यानंही आम्ल सुटतं. हे नियंत्रण सतत चालू असतं, पेलाभर पाण्यानं ते कोलमडत नाही.

शिवाय पाणी पोटात बसून राहत नाही. उपाशीपोटी प्यायलेल्या २४० मिलिलिटर पाण्यातलं निम्मं साधारण १३ मिनिटांत पुढे सरकतं, हे एमआरआयवर दिसलेलं आहे. ‘पण भरल्या पोटी?’ हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात नेमका तोच तपासला गेला. लोकांना भरपूर स्निग्ध न्याहारी दिली, अर्ध्या तासानं तेवढंच पाणी पाजलं आणि पोटाचे एमआरआय काढले. २०१७ साली छापलेला निष्कर्ष असा की भरल्या पोटीही पाणी जवळपास उपाशीपोटीच्याच वेगानं बाहेर पडलं. ते जठराच्या आतल्या वळणाच्या कडेनं, अन्नाच्या गोळ्याला बगल देऊन निघून जातं. अन्न मात्र मागे राहतं, घुसळलं जातं, दोन-चार तासांत थोडं थोडं पुढे ढकललं जातं.

आणि पचनाचं मोठं काम तर जठरात होतच नाही. प्रथिनांचा थोडासा भाग तिथे तुटतो. बाकीची प्रथिनं, बहुतेक पिष्ट आणि बहुतेक चरबी लहान आतड्यात तुटते. तिथे स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस ओतून आलेलं आम्ल मुद्दाम निष्प्रभ करतं, कारण तिथली एन्झाइमं आम्लात चालत नाहीत. कर्करोगामुळे संपूर्ण जठर काढून टाकलेली माणसं थोडं थोडं खात, ब-१२ ची इंजेक्शनं घेत वर्षानुवर्षं जगतात. जठरातल्या ‘अग्नी’वर सगळं पचन अवलंबून असतं तर हे शक्यच झालं नसतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. दिवसभरात आपल्या पचनमार्गात सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातला २ लिटरच्या आसपास आपण खाण्यापिण्यातून घेतो, उरलेला ७ लिटर शरीर स्वतःच ओततं: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा रस. त्यातला बहुतेक सगळा परत शोषला जातो, मलातून जातो तो १००-२०० मिलिलिटर. आता आपलं ताट पाहा. शिजलेल्या भातात दोन तृतीयांशाहून अधिक पाणी असतं, काकडीत ९५ टक्के. भाताच्या दोन मुदी, वाटीभर वरण, काकडीची कोशिंबीर आणि शेवटी वाटीभर ताक घेतलंत, तर पाण्याच्या तांब्याला हातही न लावता अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी पोटात गेलेलं असतं. ताकानं अग्नी विझत नाही आणि पाण्यानं विझतो, हे एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं की त्याला ताकात काय असतं ते विचारावंसं वाटतं.

आता ग्रंथांचा आधार. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातलं सूत्रस्थान कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात भाषांतरासह मिळतं. त्याच्या पाचव्या अध्यायात पाणी कधी प्यावं हे आलं आहे. जेवणाच्या मध्ये पिणाऱ्याचं शरीर सम राहतं, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो, असा त्याचा आशय. आठव्या अध्यायात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पेयाला आणि एक वायूला मोकळा ठेवायला सांगितलं आहे. जेवणानंतरच्या पाण्याला विष म्हणणारा श्लोक चाणक्यनीती म्हणून प्रसिद्ध असलेल्या संग्रहात आहे आणि त्याच श्लोकात जेवतानाच्या पाण्याला अमृत म्हटलं आहे. अर्धा श्लोक कापायचा, उरलेला दुसऱ्याच ग्रंथकाराच्या नावावर खपवायचा आणि वर परंपरेचा अभिमान सांगायचा, हा परंपरेवरही अन्याय आहे. आयुर्वेदात पित्ताच्या गुणांमध्ये द्रवत्व सांगितलं आहे आणि सुश्रुतसंहितेत अनुपानांचा, म्हणजे अन्नासोबत घ्यायच्या पेयांचा, स्वतंत्र वर्ग आहे. तिथला अग्नी चुलीतल्या जाळासारखा मानलेला नाही. वाग्भटाची स्थूल-कृशाची विधानं आजच्या कसोटीवर उतरतात का, हा वेगळा प्रश्न आहे. पण त्याच्या तोंडी नसलेलं वाक्य घालण्याचा अधिकार कुणालाच नाही.

‘पाळलं तर बिघडतं काय?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं. जेवणाआधीची ४० मिनिटं, जेवणाची २० आणि नंतरचा दीड तास धरले तर एका जेवणामागे अडीच तास पाणी बंद. न्याहारी आणि दोन जेवणं मिळून साडेसात तास, म्हणजे जागेपणातला जवळपास निम्मा दिवस. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, उन्हात काम करणाऱ्या माणसानं हे पाळायचं? कमी पाण्यानं मुतखड्याचा धोका वाढतो, मल घट्ट होतो आणि मग त्याच माणसाला पोट साफ होण्याची चूर्णं विकली जातात. म्हाताऱ्या माणसांची लाळ वयानं आणि औषधांनी कमी झालेली असते. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं आणि समोरचा तांब्या पालथ्या फुलपात्राखाली झाकलेला राहतो, कारण नातवानं मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलेलं असतं.

सगळ्यात काळजीची गोष्ट गोळ्यांची. जेवणानंतरची गोळी ‘पाणी चालत नाही’ म्हणून एका घोटावर, कधी नुसत्या थुंकीवर गिळणारे वयस्क लोक आहेत. डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठी दिलं जाणारं अलेंड्रोनेट, काही वेदनाशामकं अन्ननलिकेत अडकून विरघळली तर तिथे जखम करतात. छातीत आग होते, गिळताना दुखतं. गोळी ताठ बसून किंवा उभं राहून, पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायची. डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण बांधून दिलं असेल, तर त्यांना विचारून.

पाण्यावर असं बंधन असलेले लोक असतात आणि त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. हृदय कमकुवत असलेले आणि डायलिसिसवरचे रुग्ण दिवसभराचं पाणी मोजून पितात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर जेवण आणि पाणी वेगळं ठेवायला सांगतात, कारण जठरच लहान केलेलं असतं. घशाशी जळजळत येण्याचा त्रास असलेल्यांनी जेवताना तांब्याभर पाणी रिचवलं तर पोट ताणून त्रास वाढू शकतो, त्यांनी घोट घोट घ्यावं. लहान मूल पाण्यानंच पोट भरून घेत असेल तर आधी चार घास भरवावेत. बाकीच्यांनी तहान लागेल तेव्हा प्यावं, मग पानावर बसलेलं असो वा उठलेलं.

गार पाण्यानं जेवणातलं तूप-तेल पोटात थिजतं आणि आतड्याला चिकटून कर्करोग होतो, ही याच कुटुंबातली आणखी एक भाकडकथा. १९८८ साली ‘गट’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ४ अंश सेल्सिअसचं पेय दिल्यावर जठराचं तापमान २०-३० मिनिटांत पूर्ववत झालं. गार पेय सुरुवातीला जरा सावकाश पुढे सरकतं, एवढाच फरक. चरबी कशीही आली तरी पित्त तिचे बारीक थेंब करतं.

बाकीचे समज झटपट.

जेवणावर फळ खाल्लं की ते पोटात सडतं: सडवायला जिवाणू वाढावे लागतात आणि जठरातल्या आम्लात त्यांतले बहुतेक टिकत नाहीत. आमरस-पुरीचं जेवण जड होतं ते पुऱ्यांच्या तेलानं आणि खाल्लेल्या संख्येनं.

प्रथिनं आणि पिष्ट एकत्र पचत नाहीत: अमेरिकेतल्या विल्यम हॉवर्ड हे (Hay) या डॉक्टरनं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही कल्पना लोकप्रिय केली. स्वादुपिंड सगळी एन्झाइमं एकत्रच सोडतं, आणि डाळीच्या एकाच दाण्यात निसर्गानं दोन्ही घातली आहेत. आईच्या दुधातही प्रथिन, साखर आणि चरबी एकत्रच असतात.

मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं कोड येतं: कोडात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते. ताटाशी त्याचा संबंध नाही.

मांस पोटात चार-चार दिवस कुजत पडतं: मांसाचं प्रथिन लहान आतड्यात चांगलं पचतं आणि शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत जास्त पोहोचतो तो भाजी-धान्यांतला चोथा, आणि तो तिथे उपयोगाचाच आहे.

आतड्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो, तो ‘डीटॉक्स’नं काढावा लागतो: आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, त्यावर वर्षांचे थर बसणार कुठे? कोलोनोस्कोपी करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. आदल्या दिवशीच्या रेचकानंतर कॅमेऱ्यात गुलाबी, ओली, स्वच्छ भिंत दिसते.

चुकीच्या गोष्टी फक्त फॉरवर्डमध्येच असतात असंही नाही. अन्न शोषून घेणाऱ्या आतड्याचं आतलं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असतं, हे पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हेलँडर आणि फेंड्रिक्स या संशोधकांनी २०१४ साली अस्तराच्या घड्या आणि त्यांवरचे सूक्ष्म केसाळ उंचवटे नव्यानं मोजले. सगळं मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहूनही थोडं कमी, आणि त्यातलं जेमतेम २ चौरस मीटर मोठ्या आतड्याचं.