मुलामा बसतो कसा?

मोरचुदाच्या द्रावणात दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की ऋणाग्रावर तांबं चढतं, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. किती चढतं, याचा हिशेब मायकेल फॅरेडेने १८३०च्या दशकातच मांडला: ६३.५ ग्रॅम तांब्याला सुमारे १,९३,००० कूलंब. पण ते गुळगुळीत बसेल, भुकटी होऊन झडेल की त्याला फांद्या फुटतील, याबद्दल फॅरेडेचे नियम गप्प आहेत. त्याचा बराचसा निकाल सुरुवातीलाच, अंकुर धरताना लागतो.

चार-सहा अणू जमले म्हणून पुंजका टिकतोच असं नाही. इवल्याशा पुंजक्यात बहुतेक अणू कडेलाच असतात, त्यांना धरून ठेवायला शेजारी अपुरे, त्यामुळे ते पुन्हा द्रावणात निसटतात. ठरावीक आकार ओलांडला तरच पुंजका तगतो; तोच अंकुर. समतोलापलीकडे विभवाचा रेटा जितका जास्त, तितका हा आकार लहान आणि अंकुर दाट. एर्दे-ग्रूझ आणि फोल्मर यांनी १९३१ मध्ये हा विचार धातूच्या निक्षेपणाला लावला.

पुढे १९४९ मध्ये फ्रँक यांनी नवाच पेच टाकला. स्फटिकात मळसूत्री दोष असेल तर पृष्ठभागावरची पायरी चक्री जिन्यासारखी फिरत राहते, संपतच नाही; मग नव्या अंकुराची गरजच काय? उत्तर सोफियातून आलं. बुडेव्स्की, काइशेव्ह आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात काचेच्या केशनळीत चांदीचा एकच स्फटिक असा वाढवला, की त्याच्या तोंडावर हा दोष उरलाच नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिलिव्होल्टचा रेटा दिला तरी वाढ ठप्प. क्षणभर जोराचा झटका दिला की एक अंकुर पडायचा आणि त्याचा एका अणूच्या जाडीचा थर पसरत सगळं तोंड झाकायचा. विद्युतभार मोजला तर तो एका थरापुरताच! या विषयात याहून देखणा प्रयोग मी तरी वाचलेला नाही.

नेहमीच्या ऋणाग्रावर मात्र असंख्य अंकुर एकदम पडतात. प्रत्येक जण भोवतालचे आयन ओढतो, प्रवाह चढतो. आयन ओढण्याची ही क्षेत्रं एकमेकांवर आली की उतरतो. शारिफकर आणि हिल्स यांनी १९८३ मध्ये प्रवाहाच्या या चढ-उताराच्या आलेखाची दोन टोकं दाखवली: सगळे अंकुर सुरुवातीलाच, किंवा सतत नवे. टोकं सोयीची आहेत, म्हणून त्यांचा वापरही सैल होतो. आलेख जुळला तरी सूक्ष्मदर्शकाखाली अंकुर मोजलेले नसतील, तर निष्कर्षावर भरवसा ठेवू नये.

वाढीचा त्रास वेगळा. प्रवाह फार वाढवला की पृष्ठभागाजवळचे आयन संपत येतात, वर आलेल्या टोकाला ते आधी मिळतात आणि टोक आणखी वाढतं. तांब्यावर यासाठी उतारा आहे: निक्षेपण दाबणारी आणि त्याला वेग देणारी सेंद्रिय द्रव्यं द्रावणात घालतात. चिपमधल्या सूक्ष्म चरांत वेग देणारं द्रव्य तळाशी दाटतं, म्हणून चर खालून भरत येतो. आयबीएमने तांब्याच्या तारांची चिप १९९७ मध्ये जाहीर केली ती याच जोरावर. बॅटरी चार्ज होताना बसणाऱ्या लिथियमला इतका हुकमी उतारा अजून मिळालेला नाही. त्याच्या सुया बॅटरीच्या दोन अग्रांमधला पडदा भेदतात. म्हणून मोबाइलच्या बॅटरीत शुद्ध लिथियमऐवजी ग्रॅफाइट असतं, आणि कडाक्याच्या थंडीत घाईने चार्ज केलं तर त्या ग्रॅफाइटवरही लिथियमचा धातू बसू लागतो.