वाळलेली बुरशी कशाला जपायची?

आपल्या कुंभारीच्या शिवारात ज्वारीच्या कणसात कधी दाण्याऐवजी काळी भुकटी निघते. ती काणी, म्हणजे बुरशीच. असं कणीस आपण जाळतो, ते बरोबरच.

पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नाना प्रकारच्या बुरशी वाळवून, कागदी पाकिटांत जपून ठेवतात. आपण बियाणं राखतो तसंच हे काम. ओल नको, कीड नको. पाकिटावर गाव, तारीख आणि पिकाचं नाव हवंच. चिठ्ठी हरवली, की नमुना मुका.

याचा उपयोग काय? आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला. दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली. त्या काळची वाळलेली रोगट पानं संग्रहांत जपलेली होती. २०१३ मध्ये त्यांच्यातून रोगजंतूचा डीएनए, म्हणजे वंशाची खूण, काढली. तेव्हा कळलं, तो करपा नेमका कोणत्या वंशाचा होता.

म्हणून पिकावर अनोळखी रोग दिसला, तर थोडा नमुना कागदात गुंडाळू या. प्लास्टिकमध्ये नको, ओल धरते. वर गाव आणि तारीख लिहून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना दाखवू या.