वायुवाहिनीतील पाण्याचा बंदोबस्त

पौष महिन्यातील पहाट. गोठ्यामागील गोबरगॅसची टाकी रात्रभरात वर येऊन पूर्ण भरलेली असते, तरीही स्वयंपाकघरातील शेगडी धड पेटत नाही. ज्योत क्षणभर उसळते, फडफडते, नळीतून गुडगुड असा आवाज येतो आणि शेगडी विझते. पनवेल तालुक्यात ज्या घरी चार-पाच जनावरे व गोबरगॅस संयंत्र आहे, त्या घराला हा अनुभव नवीन नसावा. दोष मात्र शेणाला, थंडीला किंवा संयंत्र बांधणाऱ्या गवंड्याला दिला जातो. काही दिवस त्रास सोसून घरची गृहिणी पुन्हा चुलीच्या धुराकडे वळते, आणि एवढ्या खर्चाने उभारलेले संयंत्र ओस पडते. टाकी भरलेली असून ज्योत अशी फडफडत असेल, तर शेणाकडे पाहण्यापूर्वी नळीकडे पाहावे. बहुधा तिच्यात पाणी साचलेले आढळेल.

पाणी येते कोठून?

शेणकाल्यातून वर येणारा वायू कोरडा नसतो. तो आपल्याबरोबर पाण्याची वाफ घेऊनच निघतो. वायू जितका उबदार, तितकी अधिक वाफ त्यात मावते. ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर वायूत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते; तोच वायू २० अंशांपर्यंत निवला की त्यात सुमारे १७ ग्रॅमच मावते. उरलेल्या १३ ग्रॅमचे पाणी होऊन ते नळीच्या आतील बाजूस थेंबाथेंबाने जमते. हिवाळ्यात दिवसा टाकी उन्हाने तापते आणि रात्री उघडी नळी गार पडते, म्हणून याच दिवसांत ही तक्रार वाढते.

हे प्रमाण क्षुल्लक समजू नये. रोज दोन घनमीटर वायू देणाऱ्या संयंत्राच्या नळीत याप्रमाणे दिवसाला २६ ग्रॅम, म्हणजे पंधरवड्यात साडेतीनशे ग्रॅमहून अधिक पाणी जमू शकते. एवढे पाणी अर्धा इंची नळीची नऊ फूट लांबी भरण्यास पुरेसे आहे. शिवाय तरंगत्या टाकीतील वायूचा दाब अत्यंत अल्प, म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. नळीला कोठे झोळ पडला आणि त्यात तेवढ्या उंचीचे पाणी साठले, की वायूचा मार्ग पूर्ण बंद होतो.

यात धोकाही आहे. पाण्याने अडलेली ज्योत विझते. थोड्या वेळाने पाणी हलले की न जळलेला वायू उघड्या शेगडीतून घरात पसरतो. अशा वेळी कोणी काडी ओढल्यास भडका उडू शकतो.

थोरल्या वाहिनीचाही हाच शत्रू

ज्या तालुक्यात गोठ्यामागची ही नळी आहे, त्याच तालुक्याच्या भूमीखालून नैसर्गिक वायूच्या थोरल्या वाहिन्याही गेल्या आहेत. मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला. तेथील वायू उरण येथे आणला जातो. पुढे २००७ साली दहेज–उरण आणि दाभोळ–पनवेल या वाहिन्या कार्यान्वित झाल्या. भूगर्भातून निघणारा वायूही ओला असतो, परंतु तेथे पाणी निराळे रूप घेते. ७० वातावरणांच्या दाबाखाली पाणी आणि मिथेन एकत्र येऊन बर्फासारखे घट्ट खडे बनतात, आणि तेही १० अंश तपमानाच्या आसपास, म्हणजे पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी. हिवाळ्यात वाहिन्या तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे तर या खड्यांनी, हे अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवून दिले.

पनवेलच्या उष्ण हवेत असे गोठणे कसे घडेल, अशी शंका येईल. त्याचे उत्तर असे की, दाब एकदम कमी केला की वायू स्वतःच गार होतो. दाबाच्या प्रत्येक वातावरणामागे तपमान सुमारे अर्धा अंश उतरते. दाब ७० वरून ३० वर आणला तर २० अंशांची घट होते. म्हणून दाब कमी करणारी झडप भर उन्हाळ्यातही आतून गोठू शकते. यासाठी वायू वाहिनीत सोडण्यापूर्वीच ग्लायकोल नावाच्या ओलावा शोषणाऱ्या द्रवाने तो सुकवतात आणि आवश्यक तेथे झडपेपूर्वी तापवून घेतात.

गोबरगॅसचा दाब अल्प असल्याने त्यात खडे होण्याचे भय नाही. वायू सुकवण्याचा खर्चही शेतकऱ्यास परवडणारा नाही. परंतु पाणी नळीत साचू न देता ठरावीक जागी जमवून बाहेर काढणे हा उपाय त्याच्या हाती आहे.

उपाययोजना

नळीस आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा उतार असावा. दर १० फुटांस सव्वा इंच उतार पुरेसा होतो. हा उतार संयंत्राकडे किंवा जलसापळ्याकडे असावा, शेगडीकडे कधीही नसावा. गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने तो तपासून घ्यावा. नळी खांबावरून नेल्यास ती झोळ खाणार नाही एवढ्या अंतरावर आधार द्यावेत.

नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर जलसापळा, म्हणजे ज्याला कारागीर वॉटर ट्रॅप म्हणतात तो, बसवावा. साध्या 'टी' जोडास खाली वीतभर नळी व तिच्या तोंडाशी फिरकीचे बूच लावले तरी काम भागते. सापळा खड्ड्यात असल्यास खड्ड्याचा काठ विटांनी उंच बांधून वर झाकण ठेवावे. अन्यथा कोकणच्या पावसात खड्डाच भरून सापळा हाती लागणार नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सापळा रिकामा करावा. त्यापूर्वी जवळची चूल, दिवा व विडी विझवावी आणि टाकीजवळचा कॉक बंद करावा. बूच काढून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि ते पुन्हा घट्ट बसवावे. कॉक उघडल्यावर सांध्यांस साबणाचा फेस लावून गळती पाहावी. पेटत्या काडीने गळती शोधणे प्राणघातक ठरू शकते. वायूत गंधकयुक्त अंश असतो व साचलेल्या पाण्याच्या संगतीने तो लोखंड खातो. म्हणून पाणी वेळेवर काढल्याने नळी व शेगडी यांचे आयुष्यही वाढते.

कार्यकर्त्यांनी बंद पडलेल्या संयंत्राची पाहणी करताना प्रथम टाकी भरते किंवा नाही हे पाहावे. टाकी भरत असेल तर शेणकाला उपसण्याचा सल्ला देण्याची घाई करू नये. नळीच्या मार्गाने चालत जाऊन झोळ शोधावा, जलसापळा आहे की नाही ते पाहावे आणि तो उघडण्याची रीत घरातील पुरुषांबरोबर स्त्रियांनाही प्रत्यक्ष दाखवावी. शेगडी त्यांच्या हाती असते आणि तिची पहिली गुडगुड त्यांनाच ऐकू येते.