ही माणसे मुसलमान आहेत का?

गेल्या सुट्टीत आमच्या घरातल्या मुलांनी ‘ड्यून’ या चित्रपटाचे दोन्ही भाग लागोपाठ पाहिले. दुसरा भाग अर्ध्यावर आला आणि धाकट्याने विचारले, “अब्बा, ही माणसे मुसलमान आहेत का?” पडद्यावर डोक्याला कापड गुंडाळलेली माणसे वाळवंटात प्रार्थना करीत होती. कोणी ‘महदी’ म्हणत होते, कोणी ‘लिसान अल-गैब’. आम्ही म्हटले, “नाही रे, ही कल्पनेतली माणसे आहेत.” त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, “मग ती आपले शब्द का बोलतात?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही. म्हणून ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, ती मिळवून वाचली. मुलाचा प्रश्न अनेक घरांत विचारला गेला असेल, म्हणून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाळूच्या ढिगांतून जन्मलेली कादंबरी

‘ड्यून’ या शब्दाचा अर्थ वाळूची टेकडी. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी 1965 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची सुरुवात मात्र अरबस्तानात झालेली नाही. 1957 मध्ये हर्बर्ट अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर गेले होते. तिथे सरकत येणारी वाळू रस्ते आणि घरे गिळत होती आणि गवत लावून तिला थोपवण्याचे सरकारी काम सुरू होते. त्यावर त्यांना एक लेख लिहायचा होता. तो लेख कधी छापून आला नाही, पण वाळवंट आणि तिथे उगवलेले धर्म यांच्या अभ्यासात हर्बर्ट गुंतले ते कायमचे. अनेक प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक शेवटी मोटारदुरुस्तीची पुस्तके काढणाऱ्या एका संस्थेने छापले. पुढे त्याचे जगभर नाव झाले. डेनी विलनव यांनी 2021 आणि 2024 मध्ये त्यावर जे दोन चित्रपट काढले, त्यांचे बरेचसे वाळवंट जॉर्डनच्या वादी रममधले आणि अबूधाबीचे आहे.

कथा हजारो वर्षांनंतरच्या काळातली. अराकिस नावाच्या ग्रहावर पाऊस पडत नाही. तिथे ‘मसाला’ नावाचा एक मौल्यवान पदार्थ सापडतो आणि त्यासाठी मोठमोठी घराणी एकमेकांच्या जिवावर उठतात. या ग्रहाचे खरे रहिवासी म्हणजे फ्रेमेन. ते डोंगरांतल्या गुहांत राहतात, त्या वस्तीला ‘सिएच’ म्हणतात. परक्या घराण्यातला पॉल नावाचा तरुण जीव वाचवत त्यांच्यात येतो, त्यांचा होतो आणि शेवटी त्यांचा महदी म्हणून उभा राहतो.

थेंबाथेंबाची रीत

फ्रेमेनांचे सगळे रीतिरिवाज एकाच गोष्टीभोवती फिरतात आणि ती म्हणजे पाणी. अंगावर ते एक खास पोशाख घालतात. घाम, श्वासातला ओलावा, मलमूत्रातले पाणीसुद्धा तो गाळून घेतो आणि खिशांत साठवतो. चालताना टाचेवर पडणाऱ्या दाबाने त्याचा पंप चालतो आणि तोंडाजवळच्या नळीतून ते पाणी पुन्हा पिता येते. पोशाख नीट बसवलेला असेल, तर दिवसभरात अंगठीएवढ्या टोपणात मावेल इतकेच पाणी वाया जाते.

त्यांच्यात पाणी हेच धन. धातूच्या कड्या असतात, प्रत्येक कडी म्हणजे पाण्याचे ठरलेले माप. एका प्रसंगी स्टिलगर हा फ्रेमेनांचा सरदार दरबारात येतो आणि मेजावर थुंकतो. दरबारी चिडून उठतात. मग उलगडा होतो की ज्याच्याकडे पाण्याचा थेंब नाही, त्याने आपल्या अंगातला ओलावा समोरच्याला भेट दिला आहे. तो अपमान नव्हता, तो आदर होता.

याउलट शहरातल्या श्रीमंतांची रीत पाहा. मेजवानीला आलेला पाहुणा तस्तात हात बुडवतो, मुद्दाम पाणी जमिनीवर सांडतो, हात पुसून टॉवेल त्या डबक्यात फेकतो. जेवणे झाल्यावर दाराबाहेर भिकारी जमतात, त्या टॉवेलांतून पिळलेले पाणी मिळावे म्हणून. नव्याने आलेला सरदार, पॉलचा बाप, ही रीत बंद करतो. त्याच वाड्यासमोर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागते, एका माणसाला आठ लिटर. म्हणजे एक झाड पाच माणसांचे पाणी पिते आणि ती वीस झाडे शंभर माणसांचे.

आणि हेच तहानलेले फ्रेमेन डोंगराच्या पोटात पाण्याचे मोठमोठे हौद भरून ठेवतात. त्यातला थेंबही कोणी पीत नाही. कित्येक पिढ्यांनंतर या ग्रहावर झाडे उगवतील, त्या नातवंडा-पतवंडांसाठी तो साठा आहे. ज्याचा लाभ आपल्याला कधी दिसणार नाही, त्यासाठी तहान सोसणारी ही माणसे वाचताना आम्हाला मनापासून आवडली.

आपले शब्द, वेगळे अर्थ

आता मुलाचा दुसरा प्रश्न. फ्रेमेनांचे पूर्वज कादंबरीत ‘झेनसुन्नी’ म्हटले जातात. झेन हा बौद्धांचा एक पंथ आणि सुन्नी हा शब्द तर आपल्या घरातलाच. दोन्ही जोडून लेखकाने भविष्यातला एक धर्म तयार केला. हे लोक एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हाकलले गेले, गुलाम झाले. आपल्याला हज नाकारली गेली, हे दुःख त्यांच्या सामूहिक आठवणीत आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दकोश आहे, त्यात रमजान, फिकह, उलेमा, शरिया असे शब्द ओळीने भेटतात.

पण शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ बदललेला असतो. आपल्याकडे ‘वली’ म्हणजे पालक किंवा अल्लाहचा दोस्त. फ्रेमेनांत वली म्हणजे अजून कसोटीला न उतरलेला पोरगा. ‘नायब’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, आपण नायब तहसीलदार म्हणतो तो. तिथे नाईब म्हणजे खुद्द टोळीप्रमुख. ‘बिला कैफ’ हे अकीद्याच्या चर्चेतले शब्द, ‘कसे हे न विचारता’ असा त्यांचा अर्थ. तिथे ते ‘आमीन’सारखे येतात. ‘किताब अल-इबर’ हा इब्ने खलदून (1332–1406) यांचा इतिहासग्रंथ; तिथे त्या नावाची किताब म्हणजे वाळवंटात जगण्याची आणि धर्माची मार्गदर्शिका. वाळूतल्या महाकाय किड्याला फ्रेमेन ‘शाई-हुलूद’ म्हणतात, त्यात शेख आणि खुलूद, म्हणजे अमरत्व, हे शब्द ऐकू येतात.

सगळे अरबस्तानातलेच आहे असेही नाही. कॉकेशस पर्वतात रशियाच्या झारशी 1859 पर्यंत झुंजलेले इमाम शामिल यांच्यावर लेस्ली ब्लांच या लेखिकेचे पुस्तक 1960 मध्ये आले होते. ‘चाकोब्सा’ ही फ्रेमेनांची भाषा आणि ‘किंजल’ हा खंजीर हे शब्द त्या पुस्तकातून आलेले आहेत. इमाम शामिल पुढे मदिनेत वारले आणि जन्नतुल बकीमध्ये दफन झाले. त्यांच्या लढ्याची सावली फ्रेमेनांवर आहे, हे सिनेमा पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

काय घेतले, काय राहिले

हर्बर्ट यांनी फ्रेमेनांची टिंगल केलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. उलट, स्वतःला महदी म्हणवून घेणाऱ्या नेत्यामागे डोळे मिटून जाऊ नका, हाच त्यांचा इशारा आहे. फ्रेमेनांमधली भविष्यवाणीसुद्धा बाहेरच्या एका चतुर संघटनेने आपल्या सोयीसाठी पेरलेली असते. हा इशारा आपणही ऐकण्यासारखा आहे.

तरी वाचता वाचता काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहिले. जामिस नावाचा फ्रेमेन पॉलला द्वंद्वाचे आव्हान देतो आणि मरतो. त्याच्या अंत्यविधीत एकेक जण पुढे येतो, आपण त्याचे मित्र होतो असे म्हणतो, त्याने केलेला एखादा उपकार सांगतो आणि त्याची एक वस्तू उचलतो. मारणाऱ्या पॉलवर जामिसच्या विधवेची आणि दोन मुलांची जबाबदारी येते. इथवर मन भरून येते. पण जामिसच्या देहातले पाणी मात्र काढून घेतले जाते. फ्रेमेनांच्या समजुतीने माणसाचा देह त्याचा स्वतःचा, पण त्यातले पाणी टोळीचे.

आपल्याकडे नेमके उलट आहे. आपण मय्यतीकडून पाणी घेत नाही, मय्यतीला पाणी देतो. बोरीच्या पाल्याचे पाणी, शेवटी कापूर, आणि हात लावायचा तो जिवंत माणसाला लावावा तसा. मेलेल्याचे हाड मोडणे हे जिवंतपणी मोडण्यासारखेच आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पाणी मिळतच नसेल, तर मय्यतीला तयम्मुम आहे. हा दीनसुद्धा वाळवंटातच आला. तिथे पाण्याची टंचाई कादंबरीतली नव्हती, रोजची होती. तरी गरजेने मय्यतीच्या हक्कावर मात केली नाही.

युद्धाचेही तसेच. मूळ कादंबरीत ‘जिहाद’ हा शब्द वारंवार येतो. चित्रपटांत तो टाळून ‘पवित्र युद्ध’ म्हटले आहे. दुसऱ्या पुस्तकात पॉलच्या नावाने झालेल्या युद्धात 6,100 कोटी माणसे मेल्याचा हिशेब तो स्वतः देतो. शब्द घेतला, त्याच्या मर्यादा घेतल्या नाहीत. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी फौज रवाना करताना बजावले होते की स्त्री, मूल आणि वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका. ही बाजू कादंबरीत दिसत नाही आणि ज्याने इस्लाम फक्त अशा गोष्टींतून पाहिला, त्याला ती कधी भेटतही नाही.

जामिसच्या विधीत पॉलच्या डोळ्यांत पाणी येते. सगळे फ्रेमेन चकित होतात, कारण मेलेल्यासाठी अंगातले पाणी देणे हे त्यांच्या लेखी सर्वांत मोठे दान. हा प्रसंग सुंदर आहे. पण आम्हाला दुसरे अश्रू आठवले. छोट्या इब्राहीमच्या अखेरच्या क्षणी प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, आपणसुद्धा? प्रेषितांनी (स.) सांगितले, ही रहमत आहे. फ्रेमेनांच्या अश्रूचे मोल त्यातल्या पाण्यामुळे आहे. आपल्याकडे ते रहमतीमुळे आहे. लेखकाने वाळवंटाची कठोरता उचलली, शब्द उचलले. रहमत तेवढी मागे राहिली.

आपल्या तोटीखालची बादली

एवढे लिहून आम्ही समाधानाने पुस्तक मिटणार होतो. तेवढ्यात मोरीत वुजूसाठी सोडलेल्या तोटीचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तोटीखाली बादली ठेवून पाहिले. घरातल्या एकेकाच्या वुजूला पाच लिटरांहून अधिक पाणी गेले. प्रेषित (स.) एका मुद्दात वुजू करीत आणि एका सा मध्ये गुस्ल, हे सहीह हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. चार मुद्दांचा एक सा. ज्या महाराष्ट्रात 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे आपण राहतो. श्रीमंतांच्या मेजवानीतले ओले टॉवेल वाचून आम्हाला राग आला होता. बादली पाहून तो कुठे जिरला कळले नाही. पाण्याच्या बाबतीत ही खोटी माणसे आमच्यापेक्षा खरी निघाली.

रात्री मुलांना बसवून बीबी हाजरा यांची कहाणी सांगितली. निर्जन खोऱ्यात तहानेने तळमळणारे लेकरू, सफा आणि मरवा यांमधली त्या माऊलीची सात वेळची धाव, मग जमजम. पुढे जुरहूम टोळीने तिथे राहण्याची परवानगी मागितली. बीबी हाजरांनी ती दिली, पण एका अटीवर: पाण्यावर मालकी तुमची असणार नाही. त्यांनी कबूल केले. वाळवंटात एकट्या बाईच्या शब्दावर टोळी थांबली आणि त्या पाण्याभोवती मक्का वसली. मदिनेत हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली, तेही सांगितले.

धाकटा म्हणाला, “म्हणजे ती माणसे आपली नाहीत, पण त्यांचे पाणी जपणे आपलेच आहे.” यापेक्षा चांगले उत्तर आम्हालाही सापडले नव्हते.

तेव्हा मुलांना असे चित्रपट पाहू द्यावेत की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा शक्य असेल तर त्यांच्या शेजारी बसून पाहावेत आणि पाहून झाल्यावर मूळ शब्दांचे मूळ अर्थ सांगावेत. ते आपण सांगितले नाहीत, तर पडद्यावरचा अर्थच त्यांच्या मनात घर करील. आणि हो, एकदा तोटीखाली बादली ठेवून पाहा. आमच्या मोरीत आता वुजूसाठी एक छोटा तांब्या आला आहे. अल्लाह आम्हाला तो रोज वापरण्याची तौफीक देवो.